ताईचं कॉलेज बघून आले

रविवार, दुपार

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईची कंबर आता बरी असेल. तिला सांग, बादल्या उचलायला घरात तू आणि तुझे बाबा आहात, तिने खुशाल राणी होऊन बसावं. आमच्याकडे सगळं ठीक. शेजारच्या इमारतीला रंग देताहेत म्हणून आठवडाभर खिडक्या बंद आहेत आणि माझी शिलाई दिवसाढवळ्या दिवा लावून चालली आहे. तुझ्या काकांचा खोकला काही जात नाही. औषध ते घेणार नाहीत, कारण त्यांच्या मते त्यांना खोकला झालेलाच नाही.

तू सांगितलंस म्हणून काल ते कॉलेज बघून आले. फोनवरच सांगितलं असतं, पण मी फोन घेतला की तुझी ताई, माझीच लेक ती, कान लावून शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र.

तर कॉलेज. गाद्यांच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिना स्वच्छ आहे. वर्ग दोन, प्रयोगशाळा एक, आणि ऑफिस या सगळ्यांपेक्षा मोठं. खुर्च्या नव्या आहेत. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे, कडी नीट लागते. मायक्रोस्कोप बघायला सांगितलं होतंस, तेही बघितले. एकाला डोळा लावला तर आत काळोख. तिथले सर म्हणाले, "दिवा मागवलाय." दुसऱ्यावर टोपडं होतं, ते मला काढू दिलं नाही. रक्त काढायला शिकायचा रबरी हात आहे. त्याला इतकी भोकं पडली आहेत की पाणी भरलं तर कुंड्यांना घालता येईल.

हसतेस ना? मीही हसतच लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

"ताई तिथेच शिकली आणि तिथेच नोकरीला लागली, म्हणजे कॉलेज चांगलंच असणार," असं तू मागे म्हणालीस तेव्हा मी नुसतं "हं" केलं. लॅब टेक्निशियनचा कोर्स झाल्यावर ताईने वर्षभर इस्पितळांचे उंबरे झिजवले, बाळा. प्रमाणपत्रावरचं कॉलेजचं नाव वाचून सगळे एकच म्हणायचे, "कळवतो." एका बाईंनी तेवढं खरं सांगितलं, "अहो, तुम्हाला शीरच सापडत नाही." कशी सापडेल? इस्पितळात प्रत्यक्ष काम शिकवतो म्हणून कॉलेजने या मुलींना पाठवलं, आणि तिथे त्यांनी या मजल्यावरच्या फायली त्या मजल्यावर नेल्या. शेवटी कॉलेजनेच तिला ठेवून घेतलं. कामाचं नाव समुपदेशक. शाळा संपवलेल्या मुलांना फोन करायचे आणि शनिवारी पालक येतात तेव्हा पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभं राहायचं. जिन्यातल्या फलकावर यशस्वी विद्यार्थी म्हणून तिचा फोटोही आहे. छान हसरा आलाय.

जी प्रवेश आणत नाही तिला पुढे ठेवत नाहीत. यंदा ताईचे प्रवेश कमी पडलेत. तू आलीस तर तू तिच्या नावावर लागशील आणि तिची नोकरी टिकेल. हेही तुला माहीत असायला हवं.

काल मी मागच्या रांगेत बसले होते. घरचं माणूस आलेलं सरांना चालत नाही, म्हणून ताईने ओळख दाखवली नाही. समोर ती त्या रबरी हाताला सुई टोचून दाखवत होती आणि बोलत इतकी गोड होती की मीच नाव घातलं असतं. माझ्या शेजारी एक बसचालक बसले होते, गणवेशातच आलेले. सोबत लेक, तुझ्याच वयाची, सारखी नखं खात होती. त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमचं कोणी शिकलंय का हो इथं?"

"मुलगी," मी म्हटलं.

"मग लागली का कामाला?"

"लागली."

"लगेच?"

"वर्ष गेलं."

"वर्ष म्हणजे काही फार नाही," असं म्हणून ते लेकीकडे वळले. "बघ, या बाईंची मुलगी लागली."

मी एक शब्दही खोटा बोलले नाही. कुठे लागली ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगवेना, कारण ती समोरच उभी होती. ते दोघं ऑफिसात गेले. बाहेर आले तेव्हा मुलीच्या हातात पावती आणि कोरा पांढरा कोट होता आणि तिच्या वडिलांनी माझे आभार मानले. मला अजून लाज वाटते आहे. तेव्हाही जिन्यात हाक मारून थांबवता आलं असतं. खोली केवढीशी, ताईने सगळं ऐकलं होतं. घरी येताना म्हणाली, "आई, बरं बोललीस."

त्या मुलीला मी आता कुठे शोधू? तू मात्र माहितीतली आहेस. येऊ नकोस.

मग काय करू, असं विचारशील. मोठ्या कॉलेजात तुला जागा मिळाली नाही, तुमच्या गावात दुसरं काही नाही, आणि बाबांच्या दुकानात बसायचं म्हटलं की तुझा जीव घुसमटतो, हे मला कळतं. पण सुचवण्यासारखं माझ्यापाशी काहीच नाही गं. असतं तर आधी ताईला सांगितलं असतं.

आज सकाळी ती कपडे वाळत घालत होती तेव्हा तिला विचारलं, तुला काय कळवू म्हणून. मला वाटलं, कमी पडलेल्या प्रवेशांचा विषय काढेल. किंवा म्हणेल, तिला तरी यात पाडू नकोस. चिमटे लावता लावता ती म्हणाली, "छान आहे म्हणून कळव. ती आली ना, तर मला तिथं कोणीतरी आपलं होईल."

मी "बरं" म्हटलं आणि हे लिहायला बसले.

तिचा फोन येईल तेव्हा बाबा नको म्हणाले असं सांग. माझं नाव काढू नकोस.

आजच्यापुरती तिच्यापेक्षा तुझी,
मावशी