तुमच्या मापाचं दार

अप्पा, हिनकलला घर बांधतेय आणि सध्या माझं डोकं दारांत अडकलंय. पुढचं दार सागवानी, आतल्या खोल्यांना फ्लश डोअर, न्हाणीघराला पाण्याने न फुगणारं प्लास्टिकसारखं काहीतरी, हे मी दुकानात उभ्या उभ्या ठरवून टाकलं. आईच्या न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं घेतलं, ती आत घसरली तर तिच्या अंगावर अडायला नको. घोडं अडलं ते पुढच्या दाराच्या उंचीवर.

सरस्वतीपुरममधलं आपलं भाड्याचं घर आठवतं ना? मागच्या बाजूच्या दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराचं ते बुटकं दार. नंजनगूडच्या कारखान्यातून तुम्ही संध्याकाळच्या गाडीने येता, चपला काढता, कॉफीच्या वासामागे सरळ आत शिरता आणि आई स्टोव्हसमोरूनच ओरडते, "अय्यो, डोकं!" कधी ऐकता, कधी आपटता, आणि कपाळ चोळत हसता. एकदा मी रागाने त्या चौकटीला लाथ मारली, तेव्हा मात्र तुम्ही मला दटावलं होतं. "दुसऱ्याचं घर आहे ते. आपलं बांधू तेव्हा माझ्या मापाचं दार करू, अष्टे, एवढंच." आपलं घर तुमच्या हातून झालं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते.

म्हणून मी सुताराला नेहमीपेक्षा उंच चौकट सांगितली. "सात फूट साकु, मेडम," तो म्हणाला. नवऱ्याने विचारलं, "सात पुरेत की. आपल्यात एवढं उंच कोण आहे?" मी हवा आणि उजेडाचं कारण पुढे केलं. मुहूर्तावर चौकट उभी राहिली, खाली नवधान्य आणि नाणं ठेवलं, आईने फुलं वाहिली. दोन दिवसांनी लक्षात आलं की मुहूर्त गाठायच्या घाईत चौकट कच्च्या जमिनीवरच बसवलीय. त्यावर भर पडणार, मग ग्रॅनाइट, म्हणजे दार चांगलं वीतभर खुजं होणार. पूजा झालेली चौकट उपटायची म्हणजे अपशकुन, तेव्हा राहू दे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. "अजूनही सहा फुटी माणूस आरामात आत येईल," नवरा समजावत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मी हटून बसले. भांडलेच म्हणा ना. शेवटी त्या अर्धवट घरात सिमेंटच्या गोणीवर बसून रडले. पन्नाशीच्या बाईने असं रडावं का, अप्पा? तुम्ही आलात आणि तुम्हाला वाकावं लागलं तर, एवढंच मनात होतं. तुम्ही येणार नाही हे मला कळतं. पण त्या दिवशी तुम्ही इतके हवे होतात, की कळून उपयोग नव्हता.

आई उठली, चौकटीला हात लावून तिने नमस्कार केला आणि सुताराला म्हणाली, "तेगीरी. मत्ते पूजे माडोण." काढा, पुन्हा पूजा करू.

चौकट निघाली. वरची पट्टी आता नेमकी कुठवर न्यायची, सुताराने विचारलं. मी आईकडे पाहिलं. ती टाचा उंचावून उभी राहिली, भिंतीवर हात वर नेला. "इथपर्यंत होते ते." मग हात जरा खाली आला. पुन्हा वर गेला. "की आणखी वर गं?" तिने मलाच विचारलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील माझ्यापाशीच. पण एक सांगून टाकते, अप्पा. तुम्ही किती उंच होतात, ते आम्हा दोघींनाही आता आठवत नाही. सुतार पेन्सिल धरून थांबला होता. मी म्हटलं, अजून वर घ्या. अजून थोडं वर.