तुळशीपाशी अडलेली पट्टी

जबलपूर, २० जानेवारी २०२५

माझ्या तुळशीले अर्जात 'प्राचीन देवस्थान' काहून लिहिलं रे तू? घर बांधून उरलेल्या विटांचं वृंदावन ते, तुझ्या बापानं बांधलं. सिमेंटचा गारा कालवायले तूच होता, शाळा बुडवून. एवढ्या लवकर प्राचीन झालं?

चि. शैलेंद्रले आईचा आशीर्वाद. सून माधवीले अन् नात यशश्रीलेही. तिळगुळ पाठवला नाही, पोस्टात चुरा होतो. तिकडेच घ्या. इकडे थंडी आहे, मटार स्वस्त आहे. यंदा संक्रांतीले तिलवारा घाटावर नहायले नाही गेली. नर्मदा कुठं पळून नाही जात.

आता ऐक. मोठ्या रस्त्याच्या कडेनं पायी चालायची अन् सायकलची पट्टी बनून राहिली. घर तुझ्या नावावर, म्हणून 'तुळस हटवू नका' असा पुण्यात बसून नगर निगमले केलेला तुझा अर्ज चालला. दोन्हीकडून काम आलं अन् आपल्या फाटकासमोर थांबलं. मधात तुळस. तुझ्या अर्जाची बातमी कॉलनीत फिरली, तशी लोकांची भक्ती जागी झाली. कोणी शेंदूर फासला, कोणी झेंडा बांधला. परवा एक बाई मलेच विचारते, "अम्मा, यहाँ मन्नत पूरी होती है क्या?"

मी म्हटलं, "होती है. बस बेटा पूना में होना चाहिए."

तुले वाटलं, तुळस वाचली तर आई खूश. अरे, मले वृंदावन अंगणातच पाहिजे होतं. तुझ्या बापाले कंपाउंडबाहेरची दोन हात सरकारी जागा दाबायची होती. म्हणे, तुळशीले कोण हटवते? चांगला माणूस होता, पण मोकळी जमीन दिसली की डोळे फिरत. तू त्याचाच. समोरची जागा गेली तर घराचा भाव पडते, हे तुझ्या मनात आहे. मले समजते. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण तुले मीच वाढवलं.

पट्टी अडली म्हणून लोक तिथं खाली रस्त्यावर उतरतात, तुळशीले वळसा घालतात अन् पुन्हा वर चढतात. बाजूनं ट्रक. मीही तशीच जाते. संक्रांतीले तशीच निघाली होती, चौकातून तिलवाऱ्याची ऑटो धरायले.

हे लिहायचं नव्हतं. पण शेजारची विनता सांगितल्याशिवाय राहत नाही, तर माझ्याकडूनच ऐक. ट्रकनं भोंगा वाजवला, मी दचकली अन् पडली. डाव्या मनगटाले प्लास्टर आहे. जेवण विनता आणते. मीठ कमी असते.

आता तू म्हणशील, चल पुण्याले. तुमच्या बाराव्या माळ्यावर मी चालू कुठं, लिफ्टमध्ये? इथं पट्टी पूर्ण झाली की माझ्या पायानं भाजी आणीन, देवळात जाईन. पाय चालले तर मी इथं राहीन. नाही चालले तर तू नेशील, अन् मग मी काही बोलू शकणार नाही. एवढंच आहे.

काल रविवार, तुळशीले हात लावत नाही. म्हणून आज मुळासकट काढून अंगणात तेलाच्या रिकाम्या पिप्यात लावली. ठेकेदाराच्या माणसाले, अनुपमले म्हटलं, फोड आता. तो दोन पावलं मागं सरला. "अम्मा, हम नहीं छुएँगे, पाप लगेगा." मग एका हातानं मीच हातोडी मारली. वीट हलली नाही. तुझ्या बापानं सिमेंट चांगलं घातलं होतं. थोडा वेळ तिथंच बसली. मग अजून एक मारली, तेव्हा कोपरा निघाला. ते पाहून अनुपम म्हणे, भैया की अर्जी वापस हो जाए, तो बाकी एक दिन में साफ.

तर याच हप्त्यात अर्ज मागे घे. मले न्यायले येऊ नको. भेटायले ये, दोन दिवस राहा, पट्टीवर चाल, अन् जा.

इथंच राहणारी,
तुझी आई

अर्ज मागे घेतला की नाही, ते माधवीनं लिहून कळवायचं. तू नाही. तू गोड बोलतो.