पंप चालू केल्याची वेळ

१२ मे १९९६, वाटूर
काल रजेवर आलो. सात महिने जहाजाच्या इंजिनात. नखांतलं तेल साबणाला दाद देत नाही. विहिरीवर गेलो. मोटारीच्या खोलीत भिंतीवर कोळशाने तशाच ओळी: कोणी मोटर लावली, किती वाजता, बंद कधी. चार घरांची विहीर, उन्हाळ्यात पाणी थोडं. भिंत नसती तर डोकी फुटली असती. मलाही ती खोड इथलीच. जहाजावर पंपाची वेळ खिशातल्या वहीत लिहायचो. सवय म्हणून, दुसरं काही नाही.

१५ मे
मुंबईहून सरकारी पत्र. किनाऱ्याला तेलाचे काळे गोळे लागले, कोळ्यांची जाळी वाया गेली. आमच्या जहाजाच्या नोंदवहीत मात्र सगळं स्वच्छ. तळातलं तेलकट पाणी म्हणे यंत्रातून गाळूनच सोडलं. झूट! सेकंड इंजिनिअर साहेबांनी यंत्राला वळसा घालून पाइप जोडायला लावलेला. किनारा दिसत असताना पाच वेळा तसंच सोडलं. पाचही वेळा माझ्या वहीत आहेत. २७ला मुंबईत जबाबाला बोलावलंय.

१७ मे
फाट्यावरच्या एसटीडीवर सेकंड साहेबांचा फोन. "वो डायरी फाड डाल. अगला जहाज पक्का समझ." वहीचं त्यांना कसं कळलं? मीच जहाजावरच्या मेसमध्ये मिरवली होती. गाढव.
बायकोला, सुनीताला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली.
"पंपाचं बटन कोनं दाबलं?"
"मीच."
"मंग तुमचं बी नाव येईल की."
येईल. खलाशाचं पुस्तक जप्त झालं तर कोणतंच जहाज घेणार नाही. वहीत वेळ आहे, माझं नाव नाही. हे आजच लक्षात आलं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

२१ मे
विहिरीवर बाचाबाची. चुलत्याचं म्हणणं, आमची मोटर अर्धा तास जास्त चालली. अण्णा, माझे वडील, शांत. "बराबर हाये तुझं. डोळा लागल्ता माझा. भितीवर लिव्हलंय, बघ." खरंच, स्वतःच्या नावापुढे लिहिलेलं: अर्धा तास जादा. उद्याच्या आमच्या पाळीतून तेवढा वजा.
परतताना विचारलं, "अण्णा, लिहिलं नसतं तर?"
"मंग त्यानं लिव्हलेलं मी कोन्या तोंडानं वाचू?"
घरी येऊन वही काढली. जुन्या ओळींना हात लावला नाही. नव्या पानावर आजची तारीख टाकून लिहिलं: पाचही वेळा बटण मी दाबलं. खाली सही. भीती वाटतेय. पण लिहिलं.

२६ मे, जालना
मस्तगडला मेहुण्याकडे. निघण्याआधी फाट्यावर वहीच्या पानांची झेरॉक्स काढली, एक प्रत सुनीताजवळ ठेवून आलोय.
मेहुणा मागेच लागला. "दाजी, बिमार हाये म्हनून कळवा ना. कशाला पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यले?" चहा प्यालो.
पत्रासोबतचा छापील कागद भरायला घेतला. पंप कोणी सुरू केला? माझं नाव लिहिलं. कोणाच्या हुकमावरून? इथे अडलो. मी तापाने फणफणलो होतो तेव्हा सेकंड साहेबांनीच माझी ड्यूटी केली होती. इंजिनाचं काम शिकवलं तेही त्यांनीच. पण जाळी कोळ्यांची गेली.
रकाना रिकामाच आहे. मुंबईला गेल्यावर, जबाब घेणाऱ्यांच्या टेबलावर लिहीन. खिशात दोन पेन घेतलेत. गाडीला अजून तास आहे.