आधी आलेल्यांच्या छत्र्या

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन बंद करून कपाटात कोंबलास, असं काकांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलं. म्हणून हा कागदाचा खटाटोप. निकाल लागल्यावर तू सभागृहातून तरातरा निघालीस ती थेट तुझ्या गावच्या गाडीत. आई मागून हाका मारत होती आणि मी ॲप-स्पर्धेचा पहिला करंडक हातात धरून, चोरी पकडली गेल्यासारखा उभा.

झालं काय, ते मी नंतर विचारून घेतलं. तू ॲप शहाण्यासारखं तीन आठवडे आधी देऊन मोकळी झालीस. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवसावर ठेवलेलं. त्याच सकाळी फोनच्या कंपनीने सगळ्यांच्या फोनांत नवी प्रणाली सोडली आणि आधीची ॲप बिघडली. माझ्या ॲपमधली बोलकी झाडंही मुकी झाली. पण ॲप अजून माझ्याच हातात होतं, म्हणून दुपारभर डोकं फोडून दुरुस्त केलं. तुझं एकदा दिलेलं, त्याला बोट लावायची सोय नाही. म्हणून औषधाची पट्टी वाचून दाखवणाऱ्या तुझ्या ॲपने मुख्य परीक्षकांच्या टायकडे बघून ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असं ठणकावलं. खरं सांगतो, मीही हसलो. पण सगळ्यात शेवटी.

पाणी घालायला विसरलं की कुंडीतलं झाड आईच्या आवाजात ओरडतं, एवढ्यावर पहिला नंबर मिळवणं मलाच पचत नाहीये. करंडक तुझ्याकडे पाठवू का?

राग निवला की थोडा लोभ इकडेही वळवावा.

तुझा,
गोगलगाय


९ एप्रिल

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

करंडक पाठवलास तर काका त्यात छत्र्या उभ्या करतील. भीक नको.

मी हे ॲप का केलं, ठाऊक आहे ना? काकांनी चष्मा न लावता कुत्र्याची जंताची गोळी घेतली होती. भुंकले नाहीत, एवढंच. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते तेव्हा असे काका मला रोज भेटतात. पहिल्या नंबराला वर्षभर खोली, यंत्रं आणि मदतीला जाणकार माणसं मिळणार होती. ते हुकलं याचं वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू?

पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. डाव मांडून झाल्यावर पट बदलायचा आणि वर तुमच्या सोंगट्याच वाकड्या म्हणायचं! वेळेत देणारे सगळे आपटले. कित्येकांचं तर उघडलंच नाही. मी तक्रार केली तर रडीचा डाव म्हणतील. जिंकलेल्याचं मात्र ऐकून घेतात. देवाने तुला तोंड दिलंय, ते फक्त जांभई द्यायला नाही.

शंखात शिरावंसं वाटलं तर राहू दे. तरीही लोभ आहेच, तो कुठे जातोय?

तुझी,
ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शंखात शिरावंसं वाटलंच, पण शंख घेऊनच गेलो. आईसुद्धा बरोबर आली, मी वाटेतून परत फिरेन म्हणून.

आयोजकांचे प्रमुख फार गोड बोलतात. म्हणाले, नियम म्हणजे नियम; नवी प्रणाली म्हणजे पाऊस, त्याला कोण काय करणार? मी म्हटलं, पाऊस कुणाच्या हातात नाही, पण आधी आलेल्यांच्या छत्र्या काढून घ्यायचा नियम तुमचाच आहे. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. मग त्यांनी विचारलं की पुन्हा परीक्षा घेतली तर पहिला नंबर पणाला लावायची माझी तयारी आहे का. मी विचार करेपर्यंत आईने हो म्हणून टाकलं.

तर आता सगळ्यांना आठवडाभराची मुदत आहे. नव्या प्रणालीने मोडलं तेवढंच दुरुस्त करायचं, नवीन काही जोडायचं नाही. कपाट उघड.

यशासोबत लोभही वाढावा, ही प्रार्थना.

तुझा,
गोगलगाय


२८ एप्रिल

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

ऐन वेळी गालगुंड येऊन तू घरी बसलास. आईने सभागृहातून तुला फोन करून ‘माझा आवाज हरला’ एवढंच सांगून ठेवून दिला असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

या वेळी मुख्य परीक्षकांनी टाय काढून ठेवला होता. खिशातली स्वतःचीच पट्टी पुढे धरली. ॲपने नाव वाचलं, मात्रा वाचली आणि मुदत गेल्या वर्षी संपल्याचंही भर सभेत सांगितलं. बिचारे कानापर्यंत लाल झाले. मला वाटलं, जिंकले!

दुसरी आले. तू तिसरा. पहिला नंबर एका परिचारिकेचा. रात्रपाळी करून परतताना बसमध्ये डोळा लागतो आणि थांबा चुकतो, म्हणून तिने थांब्याआधी हलकेच उठवणारं ॲप केलंय. मागच्या वेळी ते उघडलंच नव्हतं, त्यामुळे तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. या वेळी दोघा परीक्षकांनी निकालाआधीच ते आपल्या फोनात घालून घेतलं. खोली तिला मिळाली. माझं काम दुकानाच्या मागच्या फळीवरच चालणार. घटकाभर जळले, मग जाऊन तिचा हात हातात घेतला.

बघ, गड्या, आपण दोघं इतके दिवस दुसऱ्या नंबरासाठी भांडत होतो!

गाल शेकत राहा, बोलू नकोस; आणि आहे तो लोभ असाच सुजलेला राहू दे.

तुझी,
ताई