रीबूटनंतर न उठणारे डबे

आई,

कामठीच्या बसस्टँडवर आपण दोघी उभ्या आहोत. माझ्या अंगावर कॉन्व्हेंटचा कडक इस्त्रीचा फ्रॉक, तुझ्या खांद्याला लसींचा डबा. मला नागपूरची बस धरायची आहे, तुला खेड्यावरची. ऊन चढलंय आणि तू अशी उभी आहेस की तुझी सावली डब्यावर पडावी. मी बर्फ पाहायला हळूच झाकण उचलते आणि हातावर चापट बसते. "काहून उघडलं वं? तुले गंमत सुचून राहिली, अन् तिकडं लेकरं लसीची वाट पाहून राहिली!" मी रुसून तोंड फिरवते. तू मला संत्रागोळी देतेस, पण दुसरा हात झाकणावरून काढत नाहीस.

आता मीही डबेच करते. नागपुरात सक्करदऱ्याजवळच्या एका लहानशा कंपनीत, आरोग्य केंद्रांतल्या लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारे. आत तळहाताएवढा बोर्ड असतो आणि त्यावर कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ कारभार पाहणारा प्रोग्रॅम. फ्रिज तापला की नर्सच्या फोनवर इशारा जातो. डबा बंद असला तर जात नाही. खेड्यांत नेटवर्क नसतं, त्यामुळे एखादा डबा गप्प झाला तर इकडे कोणी दचकत नाही. आणि बिघडलेली लस नुसती पाहून ओळखता येत नाही, हे तुला मी काय सांगू.

उन्हाळा लागताना एका केंद्रातून नर्सबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमचा डबा मेला होता. म्या बटन बंद करून चालू केलं, तं झाला जित्ता!" ऑफिसात सगळे हसले. लाइन गेल्यावर असं होतं का, मी विचारलं. "लाइन तं दिवसातून चारदा जाते, तवा बरोबर उठते. तुमचं ते अपडेट येते ना, त्याच्यानंतर मरते."

बाई नेमकं बोलल्या होत्या. अपडेटनंतर डबा वीज न जाता आपला आपण रीबूट होतो. आणि आमच्याकडे सगळ्यांची सवय एकच, बोर्ड पुन्हा सुरू करायचा म्हणजे वायर उपटायची आणि परत खोचायची. रीबूटची आज्ञा टाइप करत कोण बसतो? तपासणीच्या कागदावर 'रीबूट: ठीक' लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे, आणि ती तपासणी मी वायर उपटूनच केली होती.

त्या दिवशी मी वायरला हात लावला नाही. आज्ञा दिली आणि पहिल्याच रीबूटला बोर्ड मेला. पडद्यावर 'पुन्हा सुरू होत आहे' एवढी ओळ, पुढे काही नाही. जुने बोर्ड उठत होते, नवे नाही. फरक फक्त मेमरीच्या चिपचा. नवी चिप मोठी, तिच्यातली जागा सांगायला लांब पत्ता लागतो, म्हणून कर्नल तिला लांब पत्त्याची सवय लावतो. रीबूटमध्ये तिची वीज जात नाही, सवय तशीच राहते, आणि बोर्ड उठवणारा छोटा प्रोग्रॅम तिला जुन्या आखूड पत्त्याने हाक मारतो. ती ओ देत नाही. अडकलेल्या बोर्डाला झटका देणारा एक राखणदार आत असतो, पण तोही फक्त प्रोसेसरला हलवतो, चिपला नाही. कर्नलने जाण्यापूर्वी चिपला मूळ सवयीवर आणावं, असं मी लिहिलं. कर्नल मध्येच कोसळला तर ते व्हायचं नाही, म्हणून यापुढच्या बोर्डांत चिपलाही तो झटका मिळावा अशी एक तार हवी. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीने ती जोडली. दोनशे रीबूट केले, दोनशे वेळा बोर्ड उठला. मला त्याचं नवल वाटलं नाही. एवढं काम मला येतं.

गोम पुढेच होती. खेड्यांतल्या डब्यांना दुरुस्ती पाठवायची म्हणजे अपडेटच पाठवायचं, आणि त्यानंतरचा पहिला रीबूट जुनाच कर्नल करणार. म्हणजे दुरुस्तीनेच नवे डबे एकदा मरणार, तेही ऐन मे महिन्यात. आधी फोन करून प्रत्येक डब्यापाशी कोणाला तरी उभं करायला हवं होतं. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, पाठवून द्या ना गुपचूप. बंद पडला की त्या करतातच बटन बंद-चालू. फोन केले तर आपणच आपली बोंब मारल्यासारखं होईल."

एकदा तुझी बस रस्त्यात बिघडली होती आणि डब्यातला बर्फ वितळला होता. तू सगळी लस परत नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलीस. मी दारात उभी होते. "सिस्टर, कोणाला दिसलं असतं?" ते म्हणाले. "मले दिसलं ना, डॉक्टरसाहेब," तू म्हणालीस.

मी साहेबांना एवढंच म्हटलं, "फोन मी करते." नऊ दिवस लागले. प्रत्येक केंद्रातली बाई डब्यापाशी उभी राहिली, मी अपडेट सोडलं, "गेला वं माय" असं ऐकलं, मग बटनाची खटखट आणि डब्याची शिट्टी. सगळे उठले.

तू गेलीस, आता हे पत्र मी कुठे टाकणार आहे! पण एक सांगून ठेवते. पहिला फोन करणाऱ्या त्या नर्सबाईंना मी म्हणाले, "कंपनीकडून चूक झाली." 'माझ्याकडून' म्हणायला जीभ वळली नाही.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. तार जोडलेला बोर्ड आणि माझी तपासणीची वही सोबतच्या मुलीला. 'रीबूट: ठीक' लिहिलेल्या जुन्या कागदाची प्रत, माझ्या सहीसकट, साहेबांना. आणि तार असलेल्या बोर्डाचा पहिला डबा त्या नर्सबाईंना. तो कुरिअरने पाठवायचा नाही, मी बसने घेऊन जाईन.