बावड्याला मेसेज गेला
२२ जून २००९, सोमवार
आजपासून शिस्त. आधी टेस्ट, मग चहा. (आज चहा आधी झाला. तो धरायचा नाही.)
काम पाणीपुरवठा संस्थेचं. नदी चढली की आपलं सॉफ्टवेअर काठावरच्या पंपांच्या मोटारवाल्यांना मेसेज धाडणार: पाणी येतंय, मोटारी वर काढा. टेस्ट करताना खरे मेसेज जाऊ नयेत म्हणून मेसेज पाठवणारा खोटा बसवला, म्हणजे मॉक. टेस्ट त्याला एवढंच विचारते, तुला एकदा हाक आली का? कुठल्या गावासाठी, ते विचारत नाही. तिथे मी एनीस्ट्रिंग लिहिलंय, कुठलंही नाव चालतं. पट्टी हिरवी, म्हणजे टेस्ट पास. काम फत्ते.

२४ जून
टेस्टिंगच्या शिवलीलाची कटकट. म्हणे, कुणाला तरी गेला एवढंच कळतंय सर, कुणाला गेला ते बघा की. नेमकं गाव लिहून व्हेरिफाय करा. दहा मिनिटांचं काम आहे, मान्य. म्हणूनच घाई नाही. सोमवारी नक्की.

२८ जून, रविवार
सासुरवाडी, कसबा बावडा. सासरे केरबामामा संस्थेच्या मोटारी सांभाळतात. वीस वर्षं रोज नदीवर जाऊन पाणी डोळ्यांनी बघतात. मी सांगितलं, आता बंद. मेसेज आल्याशिवाय काठावर जायचं नाही. मामा म्हणाले, जावई म्हणत्यात तर ऱ्हायलं. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. फार बरं वाटलं. बायकोला, प्रियदर्शनीला, वाटलं नाही. तिचा स्वभावच तसा.

६ जुलै
तीन दिवस पाऊस. दोन्ही सोमवार लोगोच्या रंगात गेले. शिवलीला परत आली: मेसेजच्या नंबरांच्या यादीत नुसतं ‘बावडा’ आहे सर, कुठला? हसू आलं. ही जयसिंगपूरची, हिला काय माहीत. कोल्हापुरात बावडा म्हटलं की कसबा बावडा. यादी संस्थेच्या गणपतरावांनी भरलीय. मुरलेला माणूस.

१३ जुलै, सकाळी ९
बंधारा बुडाला. ७.१०ला मेसेज सुटला. लॉगमध्ये, सिस्टिमच्या नोंदीत, स्पष्ट आहे: बावडा, एकदा. प्रियदर्शनी म्हणाली, बाबांना फोन लावा. मी म्हटलं, मग सिस्टिम कशाला केली? ती शाळेत शिकवायला गेली.

दुपारी ३
गणपतरावांचा फोन. ते मूळचे गगनबावड्याचे. त्यांच्यासाठी बावडा म्हणजे गगनबावडा. आपल्या बावड्याचे नंबर त्यांनी ‘कसबा’ म्हणून खाली वेगळे लिहिलेत. घाटावरचे सभासद त्यांना विचारतायत, हितं डोंगरात कुठली मोटार काढायची ओ?
म्हणजे कसब्यात एकही मेसेज नाही.
सासूबाईंना फोन लावला. शेजाऱ्यांनी सकाळीच मोटारी काढल्या. मामांना हाक मारली तर म्हणाले, जावयाचा मेसेज याचाय अजून. अकराला पाणी मोटारींना टेकलं तसे एकटेच खाली उतरले. अजून आलेले नाहीत.

१४ जुलै
मामा सापडले. सात तास बाभळीला धरून होते. गावकऱ्यांनी गुऱ्हाळाची काहिल, गूळ आटवायची मोठी कढई, पाण्यात लोटली आणि तिच्यातून काढलं. पाय मोडलाय. मोटारी गेल्या.
सकाळी टेस्टमध्ये ‘कसबा बावडा’ लिहिलं. चार मिनिटं लागली. लाल.
दवाखान्यात मामांनी पिशवीतला मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाले, जावईबापू, ह्यो बिघडलाय बगा. तुमचा मेसेज आलाच आसंल, ह्येनं दावला न्हाई. मी बॅटरी काढून परत घातली. प्रियदर्शनी माझ्याकडे बघत होती.
म्हणालो, रेंज नसते कधीकधी.