जांभळं जंगल कापू नये

लिहून ठेवणार: शेख रफीक शेख इस्माईल, ऊर्फ रफीक पेंटर, वय बहात्तर, धंदा नाटकाचे पडदे रंगवणे, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर.

अल्लाचं नाव घेऊन लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल बायकोला शंका असली तरी डॉक्टरांना नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, पण मृत्युपत्राला डोळा नाही, डोकं लागतं, असं आमच्या वकील रंजीताताई म्हणाल्या. मला कोणी धाक दाखवलेला नाही, फूस लावलेली नाही, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून वागायची मला सवय नाही, हे सावलीत कोणीही सांगेल. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि तोच घोटाळा झाला आहे.

कलम १. घर, मागची टिनाची शेड आणि बँकेतली शिल्लक यांबद्दल मी काही ठरवत नाही. आम्हा मुसलमानांत वारसांचे हिस्से आधीच ठरलेले असतात. माझी बायको खैरुन आणि एकुलता एक मुलगा मोहसीन यांना ते मिळतील. फक्त मोहसीनने आईला वरोऱ्याला नेण्याचा हट्ट धरू नये. त्याचं तिथे फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे, शेजार चांगला आहे, पण तिथे खैरुनचं कोणाशी भांडण नाही आणि भांडणाशिवाय तिला करमत नाही. हे तिला वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, "तुमी गेल्यावर मी कोनाशी भांडू, थे बी लिवून ठेवा."

लिहून ठेवतो. मुखरूशी भांडावं.

कलम २. मुखरू मोहुर्ले हा माझा जन्माचा भागीदार. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव रात्रभर नाटकं होतात आणि नाटकाला पडदे लागतात. देवांचे आणि राजांचे चेहरे मुखरू काढायचा. झाडं, आभाळ, महाल, रस्ता माझ्याकडे. माझ्या अब्बांना चेहरे काढलेले चालत नसत आणि मुखरूला पानं काढायचा कंटाळा, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याला माझा रेडिओ द्यावा. आवाज मोठा ठेवावा लागतो, पण तोही बहिराच आहे.

मात्र एक गोष्ट कायमची नोंदवून ठेवतो, कारण मी गेल्यावर हा माणूस गावभर उलटं सांगत फिरेल. जांभळी झाडं माझी. पडदा आम्ही खळ्यावर अंथरायचो, चिकटवायचा सरस उकळून त्यात रंगाची पूड कालवायचो आणि लांब बांबूला बांधलेला ब्रश घेऊन अनवाणी पडद्यावर चालत रंगवायचो. चालणाऱ्याला नुसते डाग दिसतात. जंगल दिसतं ते मागे बैलबंडीवर बसलेल्या माणसाला. त्या काळी जनरेटरवरचे पिवळे हॅलोजन नवे आले होते. त्या उजेडात माझी हिरवी झाडं चिखलासारखी काळी पडू लागली. मी रागारागाने नीळ आणि गुलाबी कालवून अख्खं जंगल जांभळं केलं. दिवसा ते पाहून कंपनीचे मालक, म्हणजे आताच्या धनराज बोरकुटेचे वडील, ओरडले, "काऊन बे रफीक, हे झाडं होयत का वांगे?"

मी म्हटलं, "रातच्याले मांगं जाऊन पाहा मालक."

रात्री पिवळा उजेड पडला आणि मागच्या बंड्यांवरून ते जंगल हिरवंगार, ओलं, संध्याकाळचं दिसलं. नट यायच्या आधीच पडद्याला टाळ्या पडल्या. पुढच्या हंगामात झाडीतल्या सगळ्या पेंटरांची झाडं जांभळी झाली. मग दुकानांच्या पाट्या, लग्नाचे मंडप, शाळांच्या भिंती. पुढे पांढरे दिवे आले, जांभळं उघडं पडलं, आणि मला वाटलं की आता आपला बाजार उठला. पण बाजार तसाच राहिला. तोवर लोकांना जंगल म्हटलं की जांभळंच लागत होतं.

हे कलम ऐकून मुखरू म्हणाला, "हे खोड, मंगच मी सही करतो." खोडलेलं नाही. तो सही करील, कारण साक्षीदारांना खैरुनने जेवायला थांबवलं आहे.

कलम ३. आता घोटाळा. मागच्या हंगामात नागपूरहून चित्रांच्या गॅलरीवाला एक सद्गृहस्थ नाटक पाहायला आला आणि माझ्या जंगलाच्या पडद्याजवळ जाऊन नाक लावून उभा राहिला. हा पडदा माझ्या मालकीचा, कंपनीला भाड्याने देतो. त्याचा इतिहास असा की एकदा अवकाळी आला तेव्हा धनराजच्या माणसांनी तो धानाच्या पोत्यांवर ताडपत्री म्हणून टाकला होता. आभाळ वाहून गेलं, पोत्यांचे डाग राहिले. त्यावरून धनराजशी मी वर्षभर बोललो नाही. गृहस्थांना नेमके ते डाग आवडले. "काय टेक्स्चर आहे," म्हणाले. पडद्याचे चौकोनी तुकडे कापून फ्रेम करू, एकेक तुकडा मॉडर्न आर्ट म्हणून जाईल, असा त्यांचा बेत. बोलले तो आकडा ऐकून खैरुनचं दूध उतू गेलं. आमच्या घराएवढा आकडा होता.

तोपर्यंत ती एक जुनी चादर होती. त्यांनी तोंड उघडलं आणि तिची इस्टेट झाली.

त्यांनी मोबाइलवर मला फ्रान्सच्या पेंटरांची चित्रं दाखवली, त्याबद्दल मात्र मी त्यांचा आभारी आहे. नंतर माझी शिष्या दिव्या हिने चंद्रपूरच्या वाचनालयातून पुस्तक आणून मला ते सगळं वाचून दाखवलं. मोने नावाच्या माणसाच्या सूर्योदयाची टवाळी करायला कोणीतरी 'नुसते ठसेवाले' असं नाव ठेवलं, तेच नाव पुढे त्या सगळ्यांनी मिरवलं. मातीसने बायकोच्या तोंडावर हिरवा पट्टा ओढला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना तिथल्या टीकाकाराने रानटी जनावरं म्हटलं. आमच्या सावलीत रानटी जनावर म्हटलं की माणसं दार लावून घेतात, पेंटरला हा मान अजून मिळालेला नाही. आणि सेझान. तो आयुष्यभर एकाच डोंगराकडे परत परत गेला. मी एकच जंगल रंगवत आलो, त्यामुळे तो मला घरचा वाटला. तो मेल्यावर पुढच्या पोरांनी त्याच्यावरून ठोकळ्यांची चित्रं काढली. त्याने पाहिली असती तर बहुतेक काठी घेऊन मागे लागला असता.

पण माझ्या मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. कॅमेरा आला तेव्हा तिकडच्या पेंटरांना वाटलं की आता आपण संपलो. हुबेहूब काढायचं काम यंत्राने घेतलं. मग त्यांतले जे शहाणे होते ते म्हणाले, बरं झालं, सुटलो. आता यंत्राला जमत नाही ते काढू. हे ऐकून मी दिव्याला थांबवलं आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मला मोहसीन आठवला.

कलम ४. मोहसीनबद्दल. तो लहानपणापासून वरोऱ्याला मामाकडे शिकला, तिथेच त्याने दुकान टाकलं. काही वर्षांपूर्वी त्याने माझ्या जंगलाचा, पिवळ्या दिव्यांच्या काळात रात्री फ्लॅश मारून काढलेला फोटो फ्लेक्सवर छापला आणि धनराजच्या कंपनीला दिला. वजनाला हलका, पावसाला भीत नाही. तेवढं मी गिळलं असतं. पण त्याने कॉम्प्युटरवर सगळी झाडं हिरवी केली होती. मी विचारलं तर म्हणतो, "कॅमेऱ्यानं रंग बिघडवला होता अब्बा, मी बराबर करून देला."

माझ्या रंगांना माझाच पोरगा बरोबर करतो, हे मला सहन झालं नाही. मी चार लोकांत त्याला नको ते बोललो. त्या रात्री पहिल्या रांगेतल्या गुणाबाईने तो फ्लेक्स पाहून मोठ्याने विचारलं होतं, "आपलं जंगल कुठी गेलं?" फ्लेक्स उतरवून माझा पडदा परत लागला, तेही मी त्याला मुद्दाम सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं खैरुनमार्फत होतं. मी "त्याला सांग" म्हणतो आणि तो "अब्बाले सांग" म्हणतो.

कॅमेऱ्याची गोष्ट मी खैरुनला सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या लेकरानं तुमचं जंगल कदी दिवसा पाह्यलं होतं का? नाटकाच्या टायमाले येऊन राह्यला, रातच्याले माह्यासोबत बंडीवर बसून राह्यला. त्याले थे हिरवंच दिसलं असन ना."

मी ब्रश धुता धुता थांबलो. अख्ख्या झाडीत माझी युक्ती ज्याला शंभर टक्के लागू पडली, तो माझा मुलगा. त्याने माझं जंगल बदललं नव्हतं, त्याला जसं दिसलं होतं तसं छापलं होतं. आयुष्यात मला याहून मोठी शाबासकी मिळालेली नाही, आणि ती मी शिव्या घालून परत केली.

मोहसीन, घरासारखं घर आणि रस्त्यासारखा रस्ता तू खुशाल छाप. त्या कामातून तू आम्हाला सोडवलंस. माझा तुझ्यावर राग नाही. जीव आहे.

कलम ५. ब्रश, बांबू, सरसाचं घमेलं आणि रंगांचे डबे चामोर्शीकडच्या दिव्या इतवारी मडावी हिला द्यावेत. ही मुलगी वैनगंगा ओलांडून माझ्याकडे आली ती तक्रार घेऊनच. "चाचा, मोहफूल वेचाले आमी पाह्यटे जंगलात जातो, तवा झाडं निळे दिसते. जांभळे तं मी कदीच पाह्यले नाई." मी म्हटलं, मग काढून दाखव. तिने दाखवलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, म्हणजे काम चांगलं होतं.

जंगलाचा पडदाही दिव्यालाच द्यावा. अख्खा. तो कापू नये, गॅलरीला देऊ नये, पेटीत ठेवू नये. नाटकाला लावावा, फाटला तर शिवावा. दिव्याला त्यावरची झाडं निळी करायची असतील तर करावीत. मी असतो तर भांडलो असतो, म्हणून मी नसताना करावीत.

कलम ६. इथे कायदा आडवा येतो. वारस नसलेल्या माणसाला मी इस्टेटीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच देऊ शकतो. गृहस्थांच्या आकड्यामुळे पडदा त्याहून महाग झाला. वरच्या भागाला खैरुनची आणि मोहसीनची संमती लागते, आणि तीही मी गेल्यानंतर दिलेली. ती मिळाली नाही तर पडद्याचा काही भाग दिव्याचा, काही वारसांचा, आणि पडद्याचे भाग करायचे म्हणजे विकणं नाहीतर कापणं. खैरुन म्हणते, "माह्याकडून आजच घ्या." मोहसीनचं मला माहीत नाही.

रंजीताताईंनी सोपा रस्ता सांगितला. पडदा आजच दिव्याला बक्षीस द्या, कोणाला विचारायचं काम नाही. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, मग जाऊन मुलाला विचारा तरी. तेही नको. बोलणं मी उद्याच सुरू करणार आहे, फोन स्वतः लावणार आहे, पण पडद्याचं नाव काढणार नाही. समोर विचारलं तर तो हो म्हणेल, कारण म्हाताऱ्या बापाला नाही कसं म्हणायचं. मला बापाला दिलेला होकार नको आहे. तो पडदा त्याने एकदा दिवसा खळ्यावर अंथरावा, त्यावर अनवाणी चालावं, मग लांब जाऊन पाहावं आणि काय ते ठरवावं. नाही म्हणाला तरी माझी तक्रार नाही. पण मला त्याची सही हवी आहे, हे मी लपवत नाही.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः सांगितलं, वाचून घेतलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. एक डाग पडला आहे तो रंगाचा आहे, खाडाखोड समजू नये.

ठिकाण: सावली
दिनांक: १९ जानेवारी २०२५

सही: शेख रफीक शेख इस्माईल

साक्षीदार:
१. मुखरू मोहुर्ले, पेंटर, सावली
२. धनराज बोरकुटे, नाट्यकंपनी चालक, वडसा

वारसांची संमती, माझ्या पश्चात द्यावयाची:
अब्बांचा जंगलाचा पडदा दिव्या मडावी यांना अख्खा देण्यास माझी हरकत नाही.

खैरुन शेख रफीक: ____________

मोहसीन शेख रफीक: ____________

बेटा, तुझ्या जागेवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. दुसरीत होतास तेव्हापासून तुझं अक्षर वर चढतं.